सौर खिडक्यांच्या कंपनीत पैसे घालावेत का? काचेच्या धंद्यातून दिसणारं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेअर बाजारात नोंदलेली एक छोटी कंपनी वीज तयार करणाऱ्या खिडक्यांच्या काचा बनवण्याच्या तयारीत आहे. विक्री अजून सुरू झालेली नाही. पेटंटं आहेत, एका प्रयोगशाळेशी करार आहे, एक-दोन प्रात्यक्षिकं झाली आहेत. सादरीकरणात म्हटलंय की काच जवळजवळ पारदर्शक आहे, उंच इमारतीत ती छतावरच्या पॅनेलपेक्षा कितीतरी पट वीज देईल आणि जगात खिडक्या इतक्या आहेत की बाजारपेठेला अंतच नाही. विचारणाऱ्यांनी थोडे शेअर आधीच घेतलेत. आता बाजूला ठेवलेली मोठी रक्कम त्यात घालावी का, तंत्रज्ञान खरं असेल तर आत्ताच शिरण्यात शहाणपण नाही का, असं त्यांना विचारायचं आहे.

इमारतींच्या दर्शनी काचकामात मी बरीच वर्षं काढली आहेत आणि आता गुंतवणूकदारांच्या वतीने अशा कंपन्यांची तांत्रिक तपासणी करतो. तंत्रज्ञान खरं आहे का, याचं उत्तर सरळ आहे: हो, खरं आहे. पण आत्ताच शिरावं का, हे ठरवताना प्रश्न जरा फिरवून घ्यायला हवा. तुम्हाला वाटतंय की तुम्ही ऊर्जा कंपनीत पैसे घालताय. ती कंपनी पहिली काच विकेल त्या दिवसापासून ती काचेच्या धंद्यात असेल. तिथे तिची गाठ वीज मंडळाशी कमी आणि वास्तुविशारद, ठेकेदार, विमा कंपनी आणि वॉरंटीचे दावे यांच्याशी जास्त पडेल. म्हणून तपासही काचवाल्याच्या नजरेने करायला हवा. कागदपत्रं हातात घेतल्यावर मी काय बघतो आणि का बघतो, ते सांगतो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. जागेचा अक्षांश, हवामान, विजेचा दर, इमारत नियमावली, शेजारच्या इमारतींची सावली, यांतलं एक बदललं तरी हिशेब बदलतो. तुमची स्वतःची स्थिती, म्हणजे कर्ज किती, ही रक्कम कधी लागणार, ती पूर्ण बुडाली तर काय होईल, हे मला माहीत नाही. त्यामुळे पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या कंपनीचे आकडे त्या जागी घालून हिशेब पुन्हा मांडा.

सुरुवात भौतिकशास्त्राच्या मर्यादेपासून करू, कारण तिथे कुठलीही कंपनी सूट मिळवू शकत नाही. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने निम्म्याहून थोडी अधिक अवरक्त किरणांत असते, चाळीस-एक टक्के दृश्य प्रकाशात आणि थोडीशी अतिनील किरणांत. खिडकीतून दृश्य प्रकाश आत यायला हवा, म्हणजे वीज करायला उरतं ते मुख्यतः अवरक्त आणि अतिनील. प्रकाश शोषणारा एकच थर असलेल्या साध्या सौरघटाची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. पूर्ण पारदर्शक घटाची साधारण २१ टक्के. प्रत्यक्षातले आकडे याच्या बरेच खाली आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये रंगाची छटा न दिसणारा सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांचा, घट दाखवला, तो ८.१ टक्के कार्यक्षम आणि ४३.३ टक्के पारदर्शक होता. त्या काळासाठी ही मोठी झेप होती.

हे दोन्ही आकडे मी मुद्दाम एकत्र लिहिले. कार्यक्षमता आणि पारदर्शकता यांचा गुणाकार केला की खरी प्रगती कळते. वरच्या उदाहरणात तो साडेतीन टक्के येतो. १० टक्के कार्यक्षम पण फक्त २० टक्के पारदर्शक काचेचा गुणाकार २ टक्केच येतो, म्हणजे ती काच मागेच आहे, नुसती अधिक काळी केलेली. तुमच्या कंपनीच्या पत्रकात एका ठिकाणी कार्यक्षमता आणि दुसऱ्या ठिकाणी पारदर्शकता दिली असेल, तर ते दोन्ही आकडे एकाच नमुन्याचे आहेत का, हा पहिला प्रश्न विचारा. बहुतेक वेळा उत्तरासाठी थोडं थांबावं लागतं.

आता तो ‘छतापेक्षा कितीतरी पट’ हा दावा. त्याची आकडेमोड घरी बसून करता येते.

समजा छत १,००० चौरस मीटरचं आणि इमारत चाळीस मजली आहे. चौरस आराखडा धरला तर परिघ सुमारे १२६ मीटर आणि साडेतीन मीटरचा मजला धरून उंची १४० मीटर. चारही भिंती मिळून साधारण १७,७०० चौरस मीटर होतात. त्यातली निम्मी काच धरली, तरी ती छताच्या जवळजवळ नऊपट भरते. सादरीकरण इथेच थांबतं, कारण चित्र इथपर्यंतच सुंदर दिसतं.

पुढे चला. काच उभी असते. दुपारी सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे उन्हाचा जोर सर्वात जास्त असताना, किरणं तिच्यावर अगदी तिरकी पडतात आणि बराच भाग परावर्तित होतो. विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितका हा तोटा वाढतो. चार दिशांपैकी एका दिशेला थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. खालच्या मजल्यांवर शेजारच्या इमारतींची सावली असते. हे सगळं धरून, बऱ्यापैकी उन्हाच्या प्रदेशात उभ्या काचेवर वर्षाला सरासरी ७०० युनिट प्रति चौरस मीटर ऊर्जा पडते असं मानू. योग्य कोनात बसवलेल्या छतावरच्या पॅनेलवर १,७००. काच ५ टक्के कार्यक्षम, पॅनेल २२ टक्के आणि दोन्हीकडे वायरिंग, उष्णता, धूळ वगैरेंपायी पाचवा हिस्सा वाया. काचेच्या एका चौरस मीटरमधून वर्षाला २८ युनिट वीज मिळते, पॅनेलमधून सुमारे ३००.

म्हणजे चाळीस मजल्यांची सगळी काच मिळून वर्षाला अडीच लाख युनिट देईल. छताचा निम्माच भाग पॅनेलसाठी मोकळा धरला, तरी तिथून दीड लाख मिळतील. काच पुढे आहे, पण दीडपटीच्या थोडी वर. तीही ८,८५० चौरस मीटर काचेला वायरी जोडून, तर छतावर ५०० चौरस मीटर पॅनेल पुरले. हीच इमारत पाच मजली असेल तर काचेतून तीस-एकतीस हजार युनिट, म्हणजे छताच्या एक पंचमांश. आणि चाळीस मजल्यांच्या कार्यालयाचा वर्षाचा खप प्रति चौरस मीटर १५० युनिट धरला तर तो साठ लाखांच्या घरात जातो. खिडक्यांनी त्यातले चार टक्के भागवले.

चार टक्के वाईट नाहीत. पण ‘इमारत स्वतःची वीज स्वतः बनवेल’ हे वाक्य आणि हा आकडा यांच्यात जे अंतर आहे, तेवढ्या अंतराची किंमत तुम्ही शेअरच्या भावात मोजत असता.

खर्चाचा भाग मी चलनाऐवजी युनिटमध्ये मांडतो, म्हणजे कुठल्याही देशातल्या दराला लागू पडेल. काच तर बसवायचीच असते, म्हणून फक्त जादा खर्च मोजायचा, हा कंपन्यांचा युक्तिवाद मला पटतो. तो जादा खर्च, वायरिंग आणि इन्व्हर्टर (काचेतली वीज इमारतीत वापरण्याजोगी करणारं यंत्र) धरून, प्रति चौरस मीटर २०० युनिट विजेच्या किमतीइतका असेल तर सात वर्षांत वसूल होईल. ५०० युनिटांच्या किमतीइतका असेल तर अठरा वर्षं लागतील. तुमच्या कंपनीचा जादा खर्च किती, हे तिला लेखी विचारा. त्यात फक्त काचेवरचा वीज बनवणारा लेप धरलाय की वायर, जंक्शन बॉक्स, इन्व्हर्टर आणि ते बसवणाऱ्या विद्युत ठेकेदाराची मजुरीही धरली आहे, हेही विचारा. मी पाहिलेल्या बऱ्याच कागदांत फक्त लेप धरलेला असतो.

आता ज्या मुद्द्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवतो, तो उष्णतेचा. पारदर्शक सौर काच अवरक्त किरणं शोषते, त्यामुळे खोलीत उष्णता कमी येते आणि एसीची वीज वाचते, असा दावा जवळजवळ प्रत्येक कंपनी करते. तो खोटा नाही. हिशेब बघा: काचेतून आत येणाऱ्या उष्णतेचं प्रमाण ०.६ वरून ०.३ वर आणलं, तर वर्षाच्या ७०० युनिटांपैकी २१० युनिट उष्णता बाहेर राहते. एसीने ती बाहेर काढायला साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ७० युनिट वीज लागली असती. बारमाही उष्ण हवामानात ही बचत काचेने तयार केलेल्या २८ युनिटांच्या अडीचपट आहे! थंड प्रदेशात ती बरीच घटते, कारण तिथे हिवाळ्यात तीच उष्णता हवी असते.

पण ही बचत करणारी काच आधीपासून बाजारात आहे. तिला लो-ई किंवा सोलर कंट्रोल काच म्हणतात. काचेच्या पृष्ठभागावर चांदीचा अतिशय पातळ थर असतो, तो अवरक्त किरणं परतवून लावतो. त्यात वायर नाही, इन्व्हर्टर नाही, आणि प्रत्येक मोठा काच उत्पादक ती रोज बनवतो. म्हणजे तुमच्या कंपनीचा खरा स्पर्धक छतावरचं पॅनेल नाही, ही काच आहे. पत्रकात ‘ऊर्जा बचत’ म्हणून जो आकडा दिलेला असतो, तो कशाच्या तुलनेत, हे तळटीपेत शोधा. साध्या काचेच्या तुलनेत असेल तर तो बाजूला ठेवा. चांगल्या लो-ई काचेच्या तुलनेत किती, हाच आकडा कामाचा. आणखी एक बारकावा असा की लो-ई काच उष्णता परतवते, सौर काच ती शोषते. शोषली की काच स्वतः तापते. मधला भाग तापलेला आणि चौकटीत दबलेली कड थंड, असं झालं की काचेवर ताण येतो आणि कधी ती तडकते. म्हणून अशा काचेचा औष्णिक ताणाचा अहवाल मी वेगळा मागतो.

कडेवरून आठवलं. कंपनीत गेलो की दाखवायला ठेवलेल्या सुंदर नमुन्याच्या मध्यभागाकडे मी फारसं बघत नाही. त्याची कड बघतो. आधुनिक खिडकीत दोन काचा असतात, मध्ये हवा किंवा आरगॉन वायू, आणि चारही बाजूंनी दोन काचांत अंतर राखणारी स्पेसरची पट्टी. पट्टीच्या पोटात ओलावा शोषणारे दाणे असतात, तिच्या दोन्ही अंगांना ब्युटिल रबराचा काळा चिकट थर आणि त्याबाहेर सिलिकोन किंवा पॉलिसल्फाइड या चिकटद्रव्याचा थर. काच किती वर्षं टिकणार हे ही बोटभर रुंदीची कड ठरवते. ती कुठे सुटली की आत बाष्प शिरतं, काच आतून धुरकट होते, आणि ते पुसता येत नाही. पूर्ण काच बदलावी लागते. आता या कडेतून दोन वायरी बाहेर काढायच्या आहेत. शेकडो खिडक्या, प्रत्येकीतून दोन वायरी, प्रत्येक वायरीभोवती गळतीची एक शक्यता. एका भेटीत नमुन्याची वायर जिथून बाहेर येत होती तिथे ब्युटिलचा थर मला केसभर फाकलेला दिसला. अभियंता म्हणाला, हा जुना नमुना आहे. असेलही. मी नवा नमुना आणि त्याचा बाष्परोधाचा अहवाल मागितला, आणि माझ्या अशिलाला तो येईपर्यंत थांबायला सांगितलं.

त्याच भेटीत आणखी दोन साध्या गोष्टी करता येतात. नमुना पांढऱ्या कागदावर धरून काचेची छटा पाहायची आणि काचेमागे स्वतःचा तळहात धरून त्वचेचा रंग कसा दिसतो ते पाहायचं. छटा पिवळट-तपकिरी असेल तर कार्यालयाच्या दर्शनी भागाला ती काच सहसा कोणी लावणार नाही, आकडे कितीही चांगले असले तरी.

प्रयोगशाळा ते कारखाना हा प्रवास त्यानंतर. विक्रमी कार्यक्षमता बहुतेकदा एखाद्या चौरस सेंटिमीटरच्या घटावर मोजलेली असते. क्षेत्र वाढलं की वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक थरातून ती कडेपर्यंत नेताना तोटा होतो, लेपाची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, एखादा धुळीचा कण शॉर्ट सर्किट करतो. काचेच्या कारखान्यात मूळ काच ३.२१ मीटर बाय ६ मीटर अशा आकारात निघते. तुमच्या कंपनीने स्वतंत्र प्रयोगशाळेकडून मोजून घेतलेला सर्वात मोठा तुकडा किती आकाराचा आहे? कंपनीच्या एकूण प्रगतीबद्दल एवढा एक आकडा बरंच काही सांगतो. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेतली सरकारी ऊर्जा प्रयोगशाळा एनआरईएल (२०२५ च्या अखेरीपासून तिचं नाव नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज) किंवा जर्मनीतली फ्राउनहोफर संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणची नोंद आणि कंपनीची आपली आपण केलेली मोजणी यांना मी एका पारड्यात ठेवत नाही.

टिकाऊपणाच्या चाचण्यांबद्दलही हेच. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६१२१५ या मानकात पॅनेलला ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवतात, उणे ४० ते अधिक ८५ अंशांदरम्यान २०० वेळा गरम-थंड करतात. विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६१७३० आहे आणि इमारतीत सामावलेल्या सौर उत्पादनांसाठी २०२० पासून आयईसी ६३०९२. सेंद्रिय आणि पेरोव्हस्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेचं नवं सौरसाहित्य) घटांचा खरा कस ऊन, ऑक्सिजन आणि ओलावा यांच्यासमोर लागतो. ‘चाचण्या सुरू आहेत’ आणि ‘प्रमाणपत्र मिळालं’ या दोन वाक्यांत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. शिवाय पॅनेल खराब झालं तर छतावर जाऊन बदलता येतं. तिसाव्या मजल्यावरची काच बदलायला क्रेन किंवा झुला लागतो, आणि तो खर्च काचेच्या किमतीहून मोठा असू शकतो.

या क्षेत्राचा इतिहास थोडा सांगतो, कारण तो पत्रकांत येत नाही. कोनार्का टेक्नॉलॉजीज ही अमेरिकी कंपनी २००१ मध्ये निघाली. वाहक प्लॅस्टिकच्या शोधासाठी २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे ॲलन हीगर तिच्या संस्थापकांत होते. १७ कोटी डॉलरहून अधिक खासगी भांडवल उभं राहिलं होतं आणि पारदर्शक सौर खिडक्या हे तिच्या स्वप्नांपैकी एक होतं. २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. विज्ञान अव्वल होतं. टिकाऊपणा आणि खर्च यांचं गणित बसलं नाही, तेही साध्या सिलिकॉन पॅनेलच्या किमती कोसळत असताना.

ऑक्सफर्ड पीव्हीची गोष्ट वेगळी. २०१० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातून निघालेल्या या कंपनीचा आरंभीचा विचार इमारतींच्या रंगछटेच्या सौर काचेचाच होता. पुढे तिने मोहरा वळवला आणि सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर चढवलेल्या पॅनेलवर लक्ष दिलं. २०२४ मध्ये त्यांची पहिली व्यावसायिक विक्री झाली. ज्यांच्याकडे उत्तम साहित्य होतं त्यांनाही खिडकीपेक्षा पॅनेलची वाट जवळची वाटली, याचा विचार करा.

तिसरं उदाहरण सौर काचेचं नाही, पण मला तेच सर्वात शिकवणारं वाटतं. व्ह्यू ही कंपनी विजेवर रंग बदलणाऱ्या स्मार्ट काचा बनवत असे, म्हणजे वायर जोडलेल्या खिडक्याच. २०१८ मध्ये सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूक कंपनीच्या निधीने तिच्यात ११० कोटी डॉलर घातले, २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली. त्याच वर्षी वॉरंटीच्या तरतुदीचा हिशेब चुकल्याचं उघड झालं. सदोष काचा बदलून देण्याचा खर्च पूर्ण दाखवलेला नव्हता. पुढे अमेरिकी बाजार नियामकाने माजी वित्तप्रमुखावर कारवाई केली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितलं. विमानतळांपासून कार्यालयांपर्यंत तिच्या काचा प्रत्यक्ष बसलेल्या होत्या, ग्राहक होते, विक्री होती. तरीही असं झालं. म्हणून मी वॉरंटीपाशी इतका अडून बसतो.

उलट बाजूचं उदाहरण लो-ई काचेचंच. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर संशोधनाला जोर आला, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती विक्रीला आली आणि सर्रास वापरात यायला पुढे बरीच वर्षं लागली. आज ती नसलेली चांगली इमारत सापडणं कठीण. म्हणजे काचेत क्रांती होते, पण बांधकामाच्या गतीने होते. वास्तुविशारद आज जी काच लिहितो ती दोन-तीन वर्षांनी बसते, आणि मधल्या काळात खर्चकपातीची बैठक झाली की अनोळखी, महाग वस्तू यादीतून आधी कापली जाते. मी अशा बैठकांना बसलो आहे. कोणालाही त्या काचेबद्दल राग नसतो, फक्त दहा वर्षांनी जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचं उत्तर नसतं.

या गतीचा शेअरधारकाशी थेट संबंध आहे. विक्री नसलेली कंपनी नवे शेअर विकून जगते. हातातली रोख भागिले तिमाहीचा खर्च, इतका साधा भागाकार करा. पैसे किती तिमाही पुरतील ते कळेल. चार पुरणार असतील आणि विक्रीला तीन वर्षं असतील, तर मधल्या काळात नवे शेअर येणारच, वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) आणि पुढे शेअरमध्ये बदलता येणारे रोखे येणारच, आणि तुमचा हिस्सा पातळ होत जाणार. तंत्रज्ञान यशस्वी होऊनही सुरुवातीचा छोटा भागधारक तोट्यात राहतो, तो असा. मागच्या पाच वर्षांत एकूण शेअरसंख्या किती वाढली हे वार्षिक अहवालात पाहा. त्याच अहवालात संशोधनावरचा खर्च आणि प्रसिद्धी व सल्लागारांवरचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर मी तिथेच फाइल बंद करतो.

पेटंटांच्या बाबतीत इतकंच बघा की ती कंपनीची स्वतःची आहेत की विद्यापीठाकडून परवान्यावर घेतलेली, आणि परवाना कोणत्या अटींवर रद्द होऊ शकतो. पेटंटचा काळ साधारण अर्ज केल्यापासून वीस वर्षं असतो. पंधरा वर्षं ‘तयारीत’ गेली असतील तर मुख्य संरक्षण संपत आलेलं असतं. बातम्यांमध्ये ‘सामंजस्य करार’ आणि ‘पायलट प्रकल्प’ दिसले की त्या पायलटचे पैसे कोणी दिले ते शोधा. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजली आणि नंतर पुन्हा मागणी नोंदवली, तर ती माझ्या लेखी खरी बातमी.

मग या क्षेत्रात काहीच नाही का? आहे, आणि मला त्याबद्दल मनापासून उत्सुकता आहे. आकाशाकडे तोंड असलेली काच, म्हणजे घुमटाच्या छताची, पायवाटेवरच्या छपराची, हरितगृहाची, हिचा हिशेब उभ्या खिडकीपेक्षा कितीतरी बरा बसतो. तिथे ऊन जास्त मिळतं आणि बाहेरचं दृश्य स्वच्छ दिसण्याची अट सैल असते. अर्धपारदर्शक सिलिकॉन किंवा कॅडमियम टेल्युराइड (पातळ थराचं एक सौरसाहित्य) यांच्या काचा अशा ठिकाणी आजही बसवल्या जातात. त्या दिसायला क्रांतिकारक नाहीत, पण विक्री होते आणि पैसे येतात. ऑस्ट्रेलियात पर्थच्या क्लिअरव्ह्यू या सौर काचेच्या कंपनीने हरितगृहात प्रयोग केला तो याच विचाराने. दुसरी जागा म्हणजे अगदी थोडी वीज लागणारी उपकरणं: खिडकीचे पडदे, सेन्सर, रंग बदलणारी काच. वीज इमारतीच्या जाळ्यापर्यंत न्यायचीच नाही, खिडकीतच वापरायची. मग वायर कडेबाहेर काढून इन्व्हर्टरपर्यंत ओढण्याची सगळी कटकट टळते. आणि धोरणाचा रेटा आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सुधारित निर्देशानुसार तिथल्या नव्या इमारती २०३० पासून शून्य-उत्सर्जनाच्या असायला हव्यात, सार्वजनिक मालकीच्या २०२८ पासून. उंच इमारतीत छत अपुरं पडलं की विकासक भिंती आणि काचांकडे वळेल. तुमची कंपनी यांपैकी कुठल्या दारातून आत शिरणार आहे हे तिने स्पष्ट सांगितलं असेल तर मी तिच्याकडे अधिक गांभीर्याने पाहीन. ‘जगातली प्रत्येक खिडकी’ हे दार मी मोजत नाही.

कंपनी स्वतः कारखाना काढणार आहे की मोठ्या काच उत्पादकाला परवाना देणार, यावरही बरंच ठरतं. कारखान्याला प्रचंड भांडवल लागतं, म्हणजे आणखी शेअर. परवान्यात स्वामित्वशुल्क थोडं मिळतं, पण लेपाचं यंत्र, विक्रीचं जाळं आणि वॉरंटी मोठ्या कंपनीची असते. छोट्या भागधारकाच्या दृष्टीने मला दुसरी वाट सुरक्षित वाटते. फक्त तो परवाना सही झालेला असावा, बोलणी चालू असलेला नसावा.

आता तुमच्या रकमेबद्दल. आधी घेतलेले थोडे शेअर पूर्ण बुडाले तरी चालतील इतकेच असतील तर ठेवा. घाईने विकण्याचं कारण तुमच्या माहितीत मला दिसत नाही. मात्र रोज किती शेअरांची उलाढाल होते ते पाहून ठेवा, कारण अशा शेअरमध्ये आत जाणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड असतं. मोठी रक्कम आज घालू नका. कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला पत्र लिहून तीन कागद मागा: स्वतंत्र प्रयोगशाळेने मोजलेल्या सर्वात मोठ्या काचेचा अहवाल, ज्यात कार्यक्षमता आणि पारदर्शकता एकाच नमुन्याची असेल, लो-ई काचेच्या तुलनेत ऊर्जा बचतीचा हिशेब, आणि ग्राहकाला देणार असलेल्या वॉरंटीचा मसुदा, ज्यात सील फुटल्यास काच बदलण्याचा आणि क्रेनचा खर्च कोण करेल ते लिहिलेलं असेल. नोंदलेल्या कंपनीला काही माहिती सगळ्यांना एकदमच जाहीर करावी लागते, म्हणून एखादा कागद देता येत नाही असं उत्तर आलं तर ते रास्त असू शकतं. मग तो जाहीर कधी होईल ते विचारा. पहिले दोन आले आणि तिसरा नाही, तर आणखी एक वर्ष थांबून पुढचा वार्षिक अहवाल वाचा. तिन्ही आले तर आकडे वरच्या हिशेबात घालून बघा, आणि अडलं तर ते आकडे इथे लिहा. मी नजर टाकेन.